सहा कोअर की आठ

"एकच सांगा भाऊ. दिवसातून गेम किती तास अन् काम किती तास?"

नेहेतेंनी काउंटरवर दोन्ही कोपरं टेकवून हे विचारलं. मी विचार करायलाही थांबलो नाही.

"दोन्ही सारखंच," मी म्हणालो.

बाजूच्या स्टुलावर हेमांगी, माझी बायको, बसली होती. ती रोज नऊ-दहा तास काम करणार होती आणि मी फार तर दोन तास खेळणार होतो. यात सारखं काय होतं ते मलाही सांगता आलं नसतं. पण तिनं मला खोटं पाडलं नाही. काउंटरच्या काचेखाली मांडलेले माउस ती बघत राहिली.

जळगावच्या गोलाणी मार्केटमधलं नेहेतेंचं दुकान, दोन हजार अठराचा मार्च आणि वार बुधवार. बुधवारी मला सुट्टी असायची. एमआयडीसीत प्लास्टिकच्या चटया विणणाऱ्या एका कारखान्यात मी शिफ्ट सुपरवायझर होतो, पण नात्यागोत्यात मला भाव होता तो वेगळ्याच गोष्टीसाठी. कुणाला कॉम्प्युटर घ्यायचा असला की सगळ्यांना दीपेश विसपुते आठवायचा. कुठला प्रोसेसर कुठल्या साली आला, त्यात कोअर किती, तापतो किती, कुठल्या बोर्डावर बसतो, हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. आमच्या लग्नाचा वाढदिवस मी दोनदा विसरलो होतो. प्रोसेसरच्या बाबतीत असली चूक माझ्याकडून कधी झाली नाही.

"सारखंच असेल तर मग हे दोन," असं म्हणत नेहेतेंनी एक कागद पुढे ओढला आणि त्यावर दोन नावं लिहिली. "किंमत जवळजवळ एकच. हा सहा कोअरचा, वेग जास्त, एका वेळी सहा कामं. हा आठ कोअरचा, वेग थोडा कमी, पण एकदम सोळा कामं ओढतो. वहिनींचं रेंडरिंगचं काम आहे ना?"

"हो," हेमांगी म्हणाली.

कोअर म्हणजे प्रोसेसरच्या पोटात बसलेले कामगार, असं मी लोकांना समजावून सांगायचो. आमच्या कारखान्यातलंच उदाहरण द्यायचो. एक चटई झटपट हवी असेल तर चपळ हाताची माणसं लागतात. पन्नास चटया हव्या असतील तर माणसंच जास्त लागतात. गेमला चपळ हात लागतात. रेंडरिंगला माणसं लागतात. इतकं सोपं होतं ते सगळं.

आणि हेमांगीचं काम म्हणजे पन्नास चटया. ती कॉम्प्युटरवर दागिन्यांची डिझाइनं करायची. आम्ही जातीचे सोनार, पण आमच्या पिढीत हातोडी धरलेलं कुणी नव्हतं. सोन्याशी संबंध उरला होता तो तिचाच. डिझाइन काढून झालं की कॉम्प्युटर त्या न घडलेल्या दागिन्याचा असा फोटो तयार करतो, की माणसानं हात लावायला बोट पुढे करावं. त्याला रेंडर म्हणतात. एकेका हिऱ्यात उजेड कुठून शिरला, कुठे आपटला, कुठून बाहेर पडला, हे सगळं प्रोसेसरला मोजत बसावं लागतं. एका हारात दीडशे हिरे असले तर किती मोजावं लागत असेल, ते बघा.

चार वर्षं ती एका डिझाइन ऑफिसात नोकरी करत होती. डिझाइन तिचं, खाली नाव मालकाचं. मग सुरतच्या एका शोरूमसाठी माल निवडणाऱ्या केतनभाईंनी तिचं काम कुठेतरी पाहिलं आणि थेट तिलाच फोन केला. लग्नसराईचे चोवीस सेट, प्रत्येकाचे चार बाजूंनी फोटो, वीस दिवसांत. पसंत पडलं तर दर महिन्याला काम, तेही तिच्या नावानं. त्या रात्री जेवताना तिनं तीनदा हसून पाहिलं माझ्याकडे. दुसऱ्या दिवशी तिनं नोकरी सोडली. साठवलेले पैसे काढले आणि म्हणाली, "एकच मशीन घेऊ, पण चांगलं घेऊ. तुमचा गेमही चालला पाहिजे त्यावर."

गेमचं तिनंच काढलं होतं, मी नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे मी जे केलं त्यात तिच्या ह्या चांगुलपणाची ढाल मी बराच काळ वापरली.

"भाऊ, वहिनींचं काम बघता मला तर आठ कोअरचा..." नेहेते म्हणायला लागले.

"नेहेतेभाऊ, असं सरसकट नसतं," मी त्यांना तोडलं. मग मी अक्कल पाजळायला सुरुवात केली. एका कोअरचा वेग महत्त्वाचा कसा, नव्या सॉफ्टवेअरला सगळे कोअर वापरताच कसे येत नाहीत, आठ कोअरचा प्रोसेसर कागदावरच मोठा कसा दिसतो. पाच मिनिटं बोलत होतो मी. त्यातलं निम्मं खरं होतं. फक्त ते तिच्या सॉफ्टवेअरला लागू नव्हतं. तिचं सॉफ्टवेअर एकूण एक कोअर वापरतं आणि आठ कोअरवर तेच काम जवळपास निम्म्या वेळात होतं, हे मी आठवडाभर आधी वाचलेलं होतं. आकड्यांसकट वाचलं होतं.

पण मी आणखी एक तक्ता वाचला होता. मी जो गेम खेळायचो त्यात सहा कोअरचा प्रोसेसर दर सेकंदाला एकशे दहा चित्रं काढत होता आणि आठ कोअरचा नव्वद. मध्ये वीसचा फरक. चित्रं जितकी जास्त, तितका गेम मऊ चालतो. आमची पाच जणांची टीम होती, नागपूर, भुसावळ, लातूर अशी विखुरलेली, आणि मी तिचा कॅप्टन होतो. दिवसभर कारखान्यात मॅनेजर माझ्यावर ओरडायचा आणि कामगार माझ्याकडे काणाडोळा करायचे. रात्री नऊला कानावर हेडफोन चढवला की चार माणसं माझ्या शब्दाची वाट बघत बसायची. "डावीकडून जा" म्हटलं की डावीकडून जायची. माझं आयुष्यात दुसरीकडे कुठे कुणी इतकं ऐकलेलं नाही. ते वीस आकडे मला हवे होते, बस.

"तुला काय वाटतं?" मी हेमांगीला विचारलं. हे विचारायची एक पद्धत असते. उत्तर आधीच ठरवून विचारलेलं समोरच्याला लगेच कळतं.

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही ठरवा," ती म्हणाली. "माझं काम तुम्हाला माहीत आहे."

"मग सहा कोअरचाच द्या," मी नेहेतेंना म्हणालो. "यात तिचंही काम व्यवस्थित होईल."

नेहेते क्षणभर तसेच उभे राहिले. मग हेमांगीकडे बघून त्यांनी मान डोलावली आणि आत जाऊन डबा घेऊन आले. मला वाटलं, माझ्या अभ्यासापुढे बिचाऱ्याचं काही चाललं नाही. खरं सांगतो, छाती जराशी फुगलीसुद्धा होती माझी.

संध्याकाळी मशीन घरी आलं. आम्ही पिंप्राळ्यात दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो. बाहेरच्या खोलीत खिडकीजवळ टेबल लावलं, जुनाच मॉनिटर त्यावर बसवला आणि मी पहिल्यांदा काय चढवलं? गेम. तिचं सॉफ्टवेअर नंतर. ती मागे खुर्ची घेऊन बसली होती. स्वयंपाक करून, हात पुसून आली होती आणि शाळेच्या पहिल्या दिवसाची वाट बघावी तशी बघत होती.

"आता बघ हं," म्हणत मी तिची एक साधी अंगठी रेंडरला लावली. एकच खडा, सगळी सेटिंगं खाली ओढलेली. चाळीस सेकंदांत फोटो तयार.

"बघितलंस? चाळीस सेकंद!"

"छान," ती म्हणाली.

तिला फसवायला मी हे केलं असं आज मी म्हणू शकतो. तेव्हा मला वाटत होतं मी तिला खूश करतोय. माणूस स्वतःला किती सफाईनं गंडवतो, ते मला त्या चाळीस सेकंदांनी शिकवलं, पण फार उशिरा.

दुसऱ्या दिवसापासून ती कामाला लागली. सकाळी मी कारखान्यात जायच्या आधीच ती टेबलाशी बसलेली असायची. पहिला सेट तिनं दोन दिवसांत काढला. मोगऱ्याच्या कळ्यांचा हार होता, प्रत्येक कळीच्या देठाशी एक बारका हिरा. मला दागिन्यांतलं काही कळत नाही, पण तो बघून मीसुद्धा थांबलो होतो. मग तिनं तो पूर्ण सेटिंगवर रेंडरला लावला.

"तीन तास दाखवतंय," ती म्हणाली.

"एका सेटला?"

"एका फोटोला. असे चार आहेत ह्या सेटचे. आणि रेंडर चालू असलं की मला पुढचं डिझाइन काढता येत नाही, माउससुद्धा अडकतो."

मी तिच्या खांद्यावरून वाकून बघितलं. सहाच्या सहा कोअर शंभर टक्क्यांवर भिडले होते. दुसऱ्या प्रोसेसरवर हेच दीड तासात झालं असतं. मला ते बघता क्षणी कळलं. आणि मी तोंड उघडून म्हणालो, "तुझं सेटिंग फार वर आहे. थोडं खाली कर."

"हिऱ्यातला उजेड मरतो मग."

"कुणाला कळतंय!"

"मला कळतं," ती म्हणाली.

"गिऱ्हाईक काय भिंग लावून बघणार आहे का?"

"अहो," ती हसली, अगदी थकलेलं हसली, "सोनाराकडे भिंग असतंच की."

तिनं सेटिंग खाली केलं नाही. दिवसा डिझाइन काढायचं आणि मी झोपलो की रेंडर लावून ठेवायचं, असं तिनं सुरू केलं. पण मधले दोन तास, नऊ ते अकरा, माझे होते. रेंडर मध्येच थांबवलं की पहिल्यापासून करावं लागायचं, म्हणून ती नऊच्या आत संपेल असाच फोटो लावायची आणि घड्याळाकडे बघत बसायची. कधी कधी आठ वाजून पन्नास मिनिटांनी तो संपायचा आणि ती खुर्ची सोडून उठायची. "घ्या," म्हणायची. मी बसायचो. खुर्ची गरम असायची. एकशे आठ, एकशे बारा, एकशे दहा, असे आकडे पडद्याच्या कोपऱ्यात नाचायचे आणि माझं मन भरून यायचं.

पुढच्या बुधवारी आमच्या टीमची स्पर्धा होती. मला सुट्टी होती. दुपारपासून ती एका नथीच्या सेटवर अडकली होती, आठला तिनं शेवटचा फोटो लावला आणि तो साडेदहापर्यंत जाणार होता.

"आज एक दिवस राहू द्याल?" तिनं विचारलं. "फक्त आजचा दिवस. सात दिवसांत चारच सेट झालेत माझे."

"आज स्पर्धा आहे, हेमांगी. नेमकी आज."

"माझं काम मागे पडतंय हो."

"चार पोरं माझ्यावर अवलंबून आहेत!" मी म्हणालो.

मी हे वाक्य खरोखर म्हणालो. एकतीस वर्षांचा माणूस, हेडफोन गळ्यात अडकवून, अगदी गंभीर चेहऱ्यानं. तिनं पडद्याकडे पाहिलं, फोटो चाळीस टक्के झाला होता. सेटमधली नथ वरच्या बाजूनं हळूहळू उमटत होती. तिनं माउस हातात घेतला आणि रेंडर थांबवलं. मग उठून आत गेली आणि मला कांदा चिरल्याचा आवाज आला. स्पर्धेत आम्ही पहिल्याच फेरीत हरलो.

त्या दिवसानंतर तिनं मला पुन्हा काही मागितलं नाही. वेळही नाही, सल्लाही नाही. मला वाटलं, बरं झालं, गाडी रुळावर आली. ती नऊला खुर्ची रिकामी करायची आणि अकराला परत बसायची. तिचे डोळे लाल झाले होते, ती मान एका बाजूला धरून चालायची. मी एकदा बाम आणून दिला. तिनं "थँक्यू" म्हटलं. आमच्या घरात हा शब्द कुणी एकमेकांना म्हणत नसे.

सतराव्या दिवशी चौदा सेट पूर्ण झाले होते. उरलेल्या दहांची डिझाइनं तयार होती, फोटो नव्हते. मी बोटांवर हिशेब केला. तिच्या सेटिंगवर आणखी पाच दिवस लागले असते, तेही मशीनला श्वास घेऊ न देता. हातात तीन होते.

"सरक," मी म्हणालो. त्या दिवशी मी पहिल्यांदाच गेम सोडला. खुर्चीत बसलो आणि दहाही सेटचं सेटिंग मीच खाली ओढलं. ती शेजारी उभी होती. अडवलं नाही तिनं. दीड दिवसात चाळीस फोटो बाहेर पडले. मी ते एकामागून एक तिला दाखवले, जणू काही मोठाच पराक्रम करून आलो होतो.

"छान दिसतायत की नाही?"

"पाठवून देते," ती म्हणाली.

केतनभाईंचा फोन तिसऱ्या दिवशी दुपारी आला. मी त्या दिवशी एकाच्या बदल्यात दुसऱ्या पाळीला निघालो होतो, दारात बूट घालत होतो. तिनं फोन स्पीकरवर टाकला, कारण तिच्या हाताला पीठ लागलेलं होतं.

"बेन, चौदा सेट एकदम फर्स्ट क्लास," ते त्यांच्या गुजराती वळणाच्या मराठीत म्हणाले. "शेठला दाखवले, शेठ खूश. पण हे बाकीचे दहा कोणी केले? ह्यात हिरा नाही दिसत. काच दिसते."

मी बुटाची नाडी हातात धरून तसाच बसलो.

"मीच केले," हेमांगी म्हणाली.

"दोन हातचं काम वाटतं, बेन."

"नाही. सगळे माझेच आहेत. वेळ कमी पडला."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले की, शोरूमला दर महिन्याला असा माल लागतो, वेळेत लागतो, आणि एका घरगुती मशीनवर हे जमणार नाही हे आता दिसलंच. ऑर्डर ते दुसरीकडे देतील. पण तिचा हात चांगला आहे. सुरतला यायची तयारी असेल तर त्यांच्या ऑफिसात बसून काम करावं, मोठी मशीनं आहेत, राहायची सोय बायकांच्या होस्टेलात होईल.

"विचार करून सांगते," ती म्हणाली आणि कोपरानं फोन बंद केला.

मी कारखान्यात गेलोच नाही. ती पोळ्या लाटत राहिली आणि मी ओट्याशी उभा राहिलो. 

"आपण दुसरा प्रोसेसर घेऊ."

तिनं मान वर केली नाही. "कुठला?"

"आठ कोअरचा."

इतक्या पटकन आलं ते माझ्या तोंडातून. एखाद्यानं आपलं नाव विचारावं आणि आपण सांगावं, तसं. तिनं लाटणं बाजूला ठेवलं.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

ती ओरडली असती तर मी काहीतरी बोललो असतो. आवाज चढवला असता, तिनंच गेमचं काढलं होतं हेही सुनावलं असतं. पण ती ओरडली नाही आणि रडलीही नाही. गॅसवरची पोळी करपायला लागली होती, तिनं ती उलटली. "जेवून घ्या," एवढंच म्हणाली.

आठ दिवसांनी ती सुरतला गेली. सहा महिन्यांसाठी, असं आम्ही दोघंही सगळ्यांना सांगत होतो. स्टेशनवर मी तिची बॅग डब्यात ठेवली आणि खिडकीशी उभा राहिलो. तिनं मला सिलिंडरचा नंबर कधी लावायचा ते सांगितलं. दूधवाल्याला किती दूध सांगायचं तेही सांगितलं. गाडी हलली तेव्हा माझ्या मनात आलं, हात धरावा. पण तिचे हात मांडीवर एकमेकांत अडकवलेले होते आणि मला ते सोडवायचं धाडस झालं नाही.

मशीन सबंध माझं झालं. नऊ ते अकरा कशाला, कारखाना सुटल्यापासून झोपेपर्यंत माझं. एके संध्याकाळी टीममधल्या भुसावळच्या पोरानं सहज विचारलं, "कॅप्टन, मॉनिटर कुठला आहे तुमचा?" मी नाव सांगितलं. तो हसायला लागला. "तो तर सेकंदाला साठच चित्रं दाखवतो. वरचं सगळं वायाच जातंय तुमचं."

मी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मीच कितीतरी लोकांना हे शिकवलं होतं, की मॉनिटर साठचा असेल तर प्रोसेसर एकशे दहा काढो की नव्वद, डोळ्यांना दिसणार साठच. फक्त स्वतःचा मॉनिटर मला कधी आठवला नाही. ज्या वीस चित्रांसाठी मी तिचं काम बुडवलं, त्यातलं एकही चित्र माझ्या डोळ्यांना कधी दिसलं नव्हतं, दिसणारही नव्हतं. त्या आठ कोअरवर माझा गेम अगदी असाच चालला असता.

मग मी दुसऱ्या दिवशी तिला फोन केला. मशीन बदलतोय म्हटलं, आठ कोअर टाकतोय, तू ये. ती म्हणाली, "तुम्हाला हवं तर बदला. माझ्यासाठी नका बदलू." तिकडे मागे बायकांचे हसण्याचे आवाज येत होते. तिला कुणीतरी हाक मारली आणि तिनं फोन ठेवला.

सहा महिन्यांचं दीड वर्ष झालं आणि मग आम्ही वकिलाकडे गेलो. काही भांडण नव्हतं, त्यामुळे सगळं लवकर उरकलं. आज तिचं सुरतमध्ये स्वतःचं डिझाइन ऑफिस आहे, हाताखाली सात मुली आहेत. हे मी तिच्याकडून नाही, तिच्या भावाकडून ऐकतो. मी अजून चटयाच मोजतो. कॉम्प्युटर घ्यायचा असला की लोक अजूनही मला फोन करतात आणि मी कुणालाच काही सांगत नाही, दुकानदाराला विचारा म्हणतो.

ती गेल्यावर, वकिलाच्या बऱ्याच आधी, मी एका बुधवारी नेहेतेंकडे गेलो होतो. ती नको म्हणाली होती तरी गेलो. मशीनच बरोबर नेलं, गाडीवर पुढे ठेवून. मनात होतं की बदलून घ्यावं, फोटो काढून तिला पाठवावा. तोपर्यंत मला एका गोष्टीचा आधार होता. मी कितीही वाईट वागलो असलो, तरी दुकानात तिला काही कळत नव्हतं. मी निवडलं ते तिनं भाबडेपणानं मान्य केलं आणि खरं काय ते तिला ओट्याशी कळलं. म्हणजे मी तिला एकदाच दुखावलं.

"आठ कोअरचा टाकायचा तर बोर्डही बदलावा लागेल भाऊ," नेहेते म्हणाले. झाकण उघडून त्यांनी आत फुंकर मारली. "तेव्हाच घेतला असता तर बरं झालं असतं. वहिनी कशा आहेत?"

"सुरतला आहे. कामासाठी."

"हुशार बाई. माझ्याकडे येऊन तासभर बसून सगळं समजून घेतलं होतं त्यांनी."

"कधी?"

नेहेतेंनी माझ्याकडे पाहिलं. आपण बोलून बसलो असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं, पण आता मागे घेता येत नव्हतं.

"तुम्ही दोघं आलात ना, त्याच्या आदल्या दिवशी. एकट्याच आल्या होत्या. आठ कोअरचा माझ्याकडे एकच नग होता. तो बाजूला काढून ठेवायला लावला. म्हणे, उद्या हे येतील, त्यांचा अभ्यास आहे, ते हाच घेतील. तोवर कुणाला देऊ नका."

"मग तुम्ही बोलला का नाहीत? मी दुसरा घेत होतो तेव्हा?"

"बोलणारच होतो भाऊ. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी हातानंच नको म्हटलं." त्यांनी स्क्रू ड्रायव्हर हातात फिरवला. "तुम्ही गाडी काढायला खाली गेलात, तेव्हा मला म्हणाल्या, नेहेतेभाऊ, सात दिवसांत बदलून मिळतो ना? म्हटलं मिळतो. तर म्हणाल्या, मग तो डबा राहू द्या अजून बाजूला. ते येतील बदलायला."

मी विचारलं, "मग?"

"मग काय. रोज एकदा फोन यायचा, हे आले होते का म्हणून. मी नाही म्हणायचो." नेहेते झाकण परत लावायला लागले. "आठव्या दिवशी सकाळी मी शटर उचलत होतो, तेवढ्यात फोन आला. त्या दिवशी काही विचारलं नाही त्यांनी. विकून टाका म्हणाल्या."